आंदणातली मशीन

कुणी नवी वस्तू दाखवली की मी ती आधी उलटी करते. बादली असो, कुकर असो, लेकराचं दप्तर असो. वरून सगळंच चकचकीत असतं, खरं काय ते बुडाशी कळतं. बादलीचे कान ओढून बघायचे, दप्तराची शिवण आतून बघायची, तव्याला टिचकी मारून त्याचा आवाज ऐकायचा. आणि सगळ्यात शेवटी दुकानदाराला विचारायचं, हे बिघडलं तर खोलता येतं का? तो म्हणाला की ‘खोलायची गरजच पडत नाही ताई’, तर आपण चपला घालायच्या आणि निघायचं.

आमच्या डोंगरकडा गावातल्या बाया मला हसतात. ‘हिनं नवरा पण टिचकी मारून घेतला असंल,’ म्हणतात. मी म्हणते, ‘न्हाई ना बायांनो, तेवढा एकच न बघता घेतला.’ पण हसल्या तरी पोरीचं लग्न ठरलं की आंदणाची भांडीकुंडी घ्यायला मलाच सोबत नेतात. मी ‘घ्या’ म्हणलं की घेतात, मी नाक मुरडलं की दुकानदाराचं तोंड पडतं. मला त्याचा गर्व होता. होता म्हणजे होताच, खोटं कशाला बोलू?

हे सगळं मला मायनं शिकवलं. माझं लग्न ठरलं तेव्हा आंदणात शिलाई मशीन द्यायची असं तिनं मनाशी घेतलं होतं. मला शिवता येत होतं आणि बाईच्या हातात काहीतरी पाहिजे, असं तिचं म्हणणं. आमी दोघी कळमनुरीला गेलो. दुकानदारानं सोनेरी फुलांची नवीकोरी मशीन पुढं केली. मायनं तिच्यावर टिचकी मारली आणि म्हणाली, ‘हिच्यात जीवच न्हाई.’ मग ती मला एका म्हाताऱ्या शिंप्याकडं घेऊन गेली. त्याच्या डोळ्यांनी दगा दिला होता म्हणून तो धंदा बंद करून बसला होता. त्याची मशीन काळी, बीडाची. बीड म्हणजे ओतीव लोखंड, आपटलं तर फुटंल पण वाकायचं नाही. मायनं ती उलटी केली, आतली चाकं फिरवली, कान लावून ऐकलं आणि तीच घेतली.

मांडवात कुजबुज झालीच. लेकीला वापरलेली मशीन दिली म्हणे! एका पाहुणीनं तोंडावर विचारलं तेव्हा माय सगळ्यांदेखत म्हणाली, ‘तुमची नवी मशीन हिच्या बाळंतपणापर्यंत टिकली तर मला सांगा. माझी मशीन लेकीच्या लेकीला पुरंल.’

ह्या एका वाक्यावर मी संसार केला. तिच्यावर गावाचे ब्लाऊज शिवले, शाळेचे गणवेश शिवले, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. हळद शिजवून उन्हात वाळायला घालतात, त्या हंगामात एकदा आमची ताडपत्री फाटली तर ती पण मशीनखाली घातली. सुई मोडली नाही की टाका सुटला नाही. तिचा आवाज खालचा, घुमणारा. माझी पोरगी त्या आवाजावर पाळण्यात झोपायची आणि मशीन थांबली की रडायची. आता तीच पोरगी माझ्या शेजारी बसून बाह्या जोडायला शिकत होती. लेकीच्या लेकीला पुरंल, ते असं अगदी डोळ्यांसमोर खरं होऊन राहिलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातल्या हत्यारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि माझी मशीन. घरच्या हळदीचा घट्ट लेप करायचा, मशीनला पाच बोटं ओढायची, कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. त्या दिवशी मग मशीनला हात लावायचा नाही, तिलाही सुट्टी. वर्षानुवर्षांची ती हळद मशीनच्या मानेखाली जी खाच असते तिच्यात जाऊन बसलेली. तेल घातलं, चिंधीनं घासलं, टाचणीनं कोरलं, तरी पिवळी रेघ काही हटली नाही. पुढं पुढं मी घासायचंच सोडून दिलं. राहू दे म्हणलं, बाईच्या कपाळावरच्या गोंदणासारखी.

माझा धाकटा भाऊ वारंगा फाट्यावर असतो. मायही त्याच्याकडंच. पुढं रस्त्याला दुकान, मागं घर. मिक्सर, पंखे, कूलर, शिलाई मशीन, काय म्हणाल ते दुरुस्त करतो, थोडं नवंही विकतो. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की त्याचं ठरलेलं वाक्य, ‘महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार.’ मी किती जणींना त्याच्या दुकानात धाडलं त्याला गणती नाही. ‘डोळे झाकून जा, माझा भाऊ हाय,’ असं सांगायची मी. दुसऱ्या दुकानात बादली उलटी करणारी मी, आणि भावाच्या दुकानात बायांना डोळे झाकून पाठवायची!

मागच्या साली पितरपाटात, घट बसायच्या आधीच्या पंधरवड्यात, तो आमच्याकडं आला. पितरपाटात कुणी नवे कपडे शिवत नाही, माझं काम थंड असतं. चहा पिता पिता मशीनकडं बघत म्हणाला, ‘अक्का, आता रिकामीच हाय तर मशीनचं मुंडकं घेऊन जातो. पार खोलून साफ करून देतो. दिवाळीत तुला तकलीफ नको.’

मुंडकं म्हणजे वरचा बीडाचा भाग. खालचं स्टँड माझ्याकडंच राहिलं. मला तर भरूनच आलं. भावाला किती काळजी बघा! मी त्याला घरची हळद बांधून दिली, शेंगा बांधून दिल्या, आणि माझ्या हातानं ते मुंडकं जुन्या चादरीत गुंडाळून त्याच्या गाडीवर ठेवलं. वर परत सांगितलं, ‘हळू ने रे बाबा, खड्डे फार हाईत.’

घट बसले तरी मशीन काही येईना. माझ्याकडं ब्लाऊजपिसांचा ढीग. फोन केला की तो म्हणायचा, ‘नांदेडहून पार्ट यायचाय.’ बाया दारात येऊन तोंड वाकडं करून जायच्या. दोघीतिघी तर दुसरीकडं गेल्या. आणि मग एकदाचा तो खंडेनवमीच्या सकाळी मुंडकं घेऊन हजर झाला. मी चुलीपुढं, हात पुरणात. बाहेरूनच ओरडला, ‘अक्का, तू उठू नको, मी बसवून देतो. पूजेची येळ चुकायला नको.’

मी हात धुऊन बाहेर येईपर्यंत त्यानं मुंडकं स्टँडवर बसवलेलं, पट्टा चढवलेला, आणि झेंडूची माळसुद्धा घातलेली. सासूबाई ताट घेऊन उभ्याच होत्या. मशीन नुसती लखलखत होती. मी म्हणाले, ‘अगं बाई, किती चमकून राहिली!’ तो म्हणाला, ‘पॉलिश मारलं.’ मी पाच बोटं हळदीची ओढली, कुंकू लावलं, हात जोडले. त्यानं पण जोडले. जेवायला थांब म्हणलं तर दुकान उघडं हाय म्हणून घाईनं निघून गेला. पुरणपोळी टाकून जाणारा माणूस नव्हे तो. मला तिथंच कळायला पाहिजे होतं.

दसरा झाला, सोनं वाटून झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर बसले. पायडल मारलं. मशीन किणकिणली. आवाज वरचा, पातळ, डब्यात खडे घातल्यासारखा. वाटलं, नवं तेल असंल, बसंल हळूहळू. आतून बघावं म्हणून मुंडकं मागं कलतं केलं. एरवी त्याला दोन्ही हात लावून कंबर घट्ट धरावी लागायची. आता ते एका हातानं उचललं गेलं.

मी लगेच खाली वाकले. मानेखालची खाच बघितली. परवाची ओली हळद वाळून तिथं लागली होती, नखानं खरवडली तर निघून आली, आणि खाली कोरा काळा रंग. गोंदण नव्हतंच. ही माझी मशीन नव्हतीच! मी दुसऱ्याच कुणाला तरी हळदकुंकू लावून हात जोडले होते.

फोन लावला. आधी तो ‘काय झालं, काय झालं’ करत राहिला. मग म्हणाला, ‘अक्का, ते मुंडकं पार झिजलं होतं गं. तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई. माझ्या पदरचं नवं बसवलं. वारंटी हाय त्याला.’

‘आन् जुनं कुठाय?’

‘ते काय, भंगारात गेलं.’

भंगारात! मी फोन ठेवला आणि मशीनपुढंच बसून रडले. पोरगी घाबरली, तिला वाटलं कुणी गेलं. मी म्हणाले, चल, हे नवं मुंडकं नेऊन त्याच्या दुकानात ठेवते, मला न्हाई पाहिजे. तर सासूबाई आडव्या आल्या. ‘येडी झालीस काय? पूजलेली वस्तू माघारी देत्यात व्हय? हळदकुंकू लावलेली लक्ष्मी दाराबाहेर काढतीस?’ त्यांचंही बराबर होतं. आमच्याकडं पूजलेलं माघारी देत नाहीत, आणि हे माझ्या भावाला माहीत होतं. तो त्याच रीतीत वाढला होता. म्हणून तर त्यानं नवमीची सकाळ गाठली. केसानं गळा कापणं म्हणतात ते असं, वर झेंडूची माळ घालून.

तरी बहिणीचं मन मेलं येडंच. दिवाळी जवळ आली तसा माझा राग निवत गेला. बीड एवढं झिजत नाही हे मला कळत होतं, पण मीच मनाला समजावलं, की त्याला वाटलं असंल जुनं काय करायचं, बहिणीला नवं द्यावं. न विचारता केलं हे चुकलं, पण वाईट मनानं नसंल केलं. भाऊबीजेला त्याच्यासाठी सदरा शिवायला घेतला. त्या किणकिण्या मशीनवर शिवला, दोनदा टाके सुटले, दोनदा उसवून परत घातले.

भाऊबीजेला सकाळीच फाट्यावर उतरले. दुकानात भाऊ नव्हता, फराळाचं काहीबाही आणायला गेला होता म्हणे. मी बोळातून मागं घराकडं वळले. पायरीवर पाय ठेवला आणि तसाच राहिला.

आतून आवाज येत होता. खालचा, घुमणारा. रस्त्यावर ट्रकमागून ट्रक जाऊन राहिले होते, तरी मला तो आवाज ऐकू आला. आईला आपल्या लेकराचं रडणं गर्दीत कळतं, तसा कळला.

आतल्या खोलीत भावजय मशीनवर बसलेली. स्टँड नवं, मुंडकं माझं. मी पिशवी खाली टाकली, सरळ गेले आणि मानेखालच्या खाचेत बोट घातलं. पिवळी रेघ होती. भावजयीनं पायडल थांबवलं, तिचं तोंड एवढंसं झालं. ‘अक्का, बसा ना,’ म्हणाली.

आणि शेजारी माय बसलेली. मांडीवर ब्लाऊज घेऊन हुकं लावत होती.

मी मायकडं वळले. मला वाटलं, बिचारीला माहीतच नसंल. डोळे अधू झालेत, ह्यांनी कसलीतरी मशीन आणली असं वाटलं असंल तिला. मी म्हणाले, ‘माय, बघितलंस का? ही माझी मशीन हाय! तू दिलेली! भंगारात गेली म्हणला गं तो मला!’

मायनं दातानं दोरा तोडला. सुई पोलक्याला खोचली. म्हणाली, ‘वरडू नको. मीच म्हणलं त्याला.’

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, ‘काय म्हणलीस?’

‘मशीन आण म्हणलं. दुकान बसलं त्याचं. दुरुस्तीला कोण येऊन राहिलं आता? मोबाईलवर मागवत्यात, मोडलं की फेकत्यात. ही सून शिवते म्हणली, तर म्हणलं, नव्या मशीनीत जीव न्हाई, चार वर्षांत बसंल. आणायची तर अक्काची आण. ती जन्मभर पुरंल.’

‘अगं, मग मला काहून दिली होतीस?’

‘दिली व्हती. वापरलीस की इतकी वर्षं.’ तिचा आवाज जराही हलला नाही. ‘तुझा नवरा कमावून राहिला. ह्याला कोण हाय? आन् तुझी पोरगी उद्या लग्न होऊन जाईल, मग मशीन कुण्या परक्या घरी जाईल. हितं राहिली तर घरात तरी राहील. तुला उघड्यावर तर न्हाई टाकलं. नवी दिली की.’

लेकीच्या लेकीला पुरंल म्हणणारी हीच ती माय. माझी पोरगी आता तिला परकं घर झाली होती, आणि मी तर केव्हाचीच. नुसता भाऊच चोर असता तर त्याला तोंड भरून शिव्या तरी दिल्या असत्या, इथं शिवी द्यावी अशी जागाच राहिली नव्हती. कुंपणानं शेत खाल्लं तर दाद कुणाकडं मागायची?

वाटलं, आत्ताच्या आत्ता उचलावी आणि एसटीत घालावी. पण मुंडकं स्टँडवरून सोडवून एसटीत चढवायला दुसरं माणूस लागतं, आणि त्या घरात माझ्या बाजूनं हात लावणारं एक माणूस नव्हतं.

भाऊ आला. मला मशीनपाशी उभी बघून दारातच थबकला. मिठाईचा पुडा हातात तसाच. तो काही बोलायच्या आत माय म्हणाली, ‘पाट मांड. सणासुदीला तोंडं वाकडी नको.’ आणि मी ओवाळलं. हो, ओवाळलं. माझे हात आपोआप चालले. त्याच्या कपाळाला कुंकू लावलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. सदरा मी पिशवीतून काढलाच नाही.

निघताना मायनं ओटी भरायला घेतली. माहेरवाशीण रिकामी पाठवत नाहीत. सुपात गहू, खोबऱ्याची वाटी, सुपारी, हळकुंड, वर हिरवा खण. मी पदर पुढं धरला, इतक्या वर्षांची सवय. तिनं ओंजळी ओंजळीनं पदरात घातलं, खण ठेवला. मग रीत अशी की लेकीनं त्यातले चार दाणे माघारी सुपात टाकायचे, म्हणजे माहेरची कणगी कधी रिकामी होत नाही. मी लहानपणी मायला तिच्या माहेरी हेच करताना बघितलं होतं, आणि लग्न झाल्यापासून दर खेपेला मीही करत आले होते.

सगळे बघत होते. मी चार दाणे उचलले नाहीत. पदराची दोन्ही टोकं धरली आणि सगळी ओटी सुपात पालथी केली. गहू सांडले, हळकुंड घरंगळत भावाच्या पायापाशी गेलं.

‘घे माय,’ मी म्हणाले, ‘पुढं कधी माघारी न्यायला पोरगं धाडशील, त्यापरीस आताच ठेव.’

भावजय रडायला लागली. मला वाटलं, आता तरी माय काही बोलंल. चुकलं म्हणू नको, पण नुसती ‘अगं’ म्हण, हाताला धर. तिनं खाली बसून गहू गोळा केले, एक एक करून सुपात घातले. मग हिरवा खण उचलला, झटकला, त्याचा काठ नेहमीसारखा बोटांत चुरून बघितला आणि माझ्यापुढं केला.

‘खण तरी ने,’ म्हणाली. ‘चांगल्या सुताचा हाय. टिकंल.’

मी चपला घातल्या आणि निघाले.